आपला हिस्सा मोजता आला पाहिजे : सहावी ते आठवीच्या गणिताबद्दल

(मोहल्ल्यात अभ्यासवर्ग चालवणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या शिबिरांत राज्यघटनेवर बोललं जातं, कौटुंबिक कायद्यावर, आरक्षणावर, माध्यमांवर बोललं जातं. सहावी-सातवीच्या गणितावर सहसा कुणी बोलत नाही. पण तुमच्यापैकी बरेच जण रविवारी मशिदीशेजारच्या हॉलमध्ये, कुणाच्या गच्चीवर, नाहीतर उर्दू शाळेच्या एखाद्या वर्गखोलीत मुलांना शिकवता. शिकवायला बसलात की पहिलं कोडं हेच असतं, की नेमकं काय शिकवायचं? पुस्तक तर जाडजूड, वेळ आठवड्यातून दोन तास. म्हणून आज तेवढ्याच प्रश्नावर बोलतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सहावी, सातवी, आठवी या तीन वर्षांत मुलामुलींना पाच गोष्टी पक्क्या आल्या पाहिजेत. अपूर्णांक. प्रमाण आणि शेकडेवारी. अक्षरांचं गणित, म्हणजे बीजगणिताची सुरुवात. आकडेवारी आणि शक्यता वाचता येणं. आणि पाचवी गोष्ट, ‘हे असंच का?’ असं विचारून उत्तर दुसऱ्याला पटवून देणं. या पाच गोष्टी आल्या तर पुढचं गणित येतं. आणि पुढे शाळा सुटली, तरी त्या माणसाला सहजासहजी कुणी फसवू शकत नाही.

हीच तीन वर्षं का?

सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. ६ ते १४ वयोगटातली सुमारे २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर कधी शाळेत गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती, असं त्यात नोंदवलं आहे. त्यानंतर परिस्थिती बदलली आहे, मुली तर मोठ्या संख्येनं पुढे आल्या आहेत. तरीही आठवी-नववीचा उंबरठा अजून अवघडच आहे. मालेगाव-भिवंडीत मुलगा मागाकडे वळतो, मुंबईत जरीकामाकडे, गॅरेजकडे वळतो, आणि मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. ज्यांची शाळा इथे सुटते, त्यांच्याकडे आयुष्यभर पुरवायला हेच गणित असतं. ज्यांची सुटत नाही, त्यांना नववीत या गणिताशिवाय एक पाऊलही टाकता येत नाही. म्हणजे दोघांसाठीही ही तीन वर्षं निर्णायक.

आणि ही अडचण फक्त आपल्या समाजाची आहे असं समजू नका. ‘असर’चा २०२३चा अहवाल ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींवर होता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं हे तिसरी-चौथीचं काम. ते बरोबर करू शकणारी मुलं निघाली ४३.३ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं भागाकार न येताच मोठी झाली. त्यांच्यापुढे आपण ‘सूत्र पाठ करा’ म्हणून बीजगणित मांडतो. ते त्यांना परकं वाटणारच.

अपूर्णांक : पावकीपासून वारशापर्यंत

आपल्या आजोबांच्या पिढीत, शाळा कमी शिकलेला भाजीवालासुद्धा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ म्हणत असे. सव्वासात रुपये भावानं पावणेदोन किलोचे किती, हे तो बोलता बोलता सांगायचा. ते पाढे गेले. त्यांच्यासाठी रडायचं कारण नाही, हातात मोबाइल आहे. पण पाढ्यांबरोबर अपूर्णांकाची जी ओळख होती ती गेली, हे नुकसान खरं आहे. आजच्या मुलाला १/३ मोठा की १/४ असं विचारलं तर तो पटकन १/४ म्हणतो, कारण चार मोठे.

अपूर्णांक म्हणजे हिस्सा. आणि हिस्सा म्हटलं की आपल्या घरात सर्वांत आधी आठवतो वारसा. एक उदाहरण घेऊ. एक माणूस वारला. मागे पत्नी, आई, एक मुलगा आणि एक मुलगी. देणी, बाकी राहिलेला मेहर आणि वसीयत वजा करून समजा ७२ लाखांची मालमत्ता उरली. हनफी कायद्याप्रमाणे पत्नीला आठवा हिस्सा, आईला सहावा हिस्सा, आणि उरलेल्यात मुलाला दोन वाटे, मुलीला एक. आता हे मुलांना फळ्यावर करायला द्या. ८ आणि ६ यांचा लसावि २४. पत्नीचे ३, आईचे ४, उरले १७. त्या १७चे तीन सारखे वाटे पडत नाहीत, म्हणून छेद तिप्पट करा : ७२. आता पत्नी ९, आई १२, मुलगा ३४, मुलगी १७. बेरीज करून बघा, बरोबर ७२.

लसावि कशासाठी शिकायचा, असं मुलं विचारतात. तर यासाठी. इथे दहा मिनिटांत लसावि, समच्छेद, बेरीज, वजाबाकी, गुणोत्तर सगळं येतं. मग त्याच मुलांना सांगा, पत्नी आणि आईचा वाटा तसाच ठेवून भाऊ-बहिणीला सारखं द्यायचं ठरवलं तर? उरलेल्या ५१चे दोन भाग, साडेपंचवीस-साडेपंचवीस. यातलं काय न्याय्य, यावर आपल्या चळवळीत चर्चा चालू आहे आणि ती व्हायलाच हवी. पण ज्या मुलीला आज कायद्यानं १७ लाख मिळायचे आहेत, तिच्या हातात ‘भावाशी नातं टिकव’ म्हणून एक साडी आणि एक दागिना ठेवला जातो. तिला १७ हा आकडा स्वतः काढता येत असेल, तर निदान आपण काय सोडतो आहोत हे तिला माहीत असेल. न्यायाची चर्चा करायलाही आधी हिशोब यावा लागतो.

हे नातं जुनं आहे. मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांनी इसवी सन ८२०च्या सुमारास बगदादमध्ये बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा फार मोठा भाग वारसाहक्काच्या उदाहरणांनीच भरलेला आहे. लोकांना वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी यात रोज लागेल ते सोपं करून द्यावं, हा त्यांचा हेतू होता. त्या ग्रंथाच्या नावातल्या ‘अल-जब्र’वरून अल्जिब्रा शब्द आला. भारतीय अंकांची पद्धत अरबी जगात पोचवण्यातही त्यांचा मोठा वाटा. आणि उलट दिशेनं, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चं फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ साली केलं. ज्ञानाला पासपोर्ट लागत नाही. पण एक सांगतो, ‘अल्जिब्रा आपल्या लोकांनी दिला’ असं भाषणात सांगून टाळ्या मिळतात, गणित येत नाही. अभिमान पाच मिनिटांचा ठेवा, सराव पन्नास मिनिटांचा.

शेकडेवारी : कशाचे टक्के?

शेकडेवारी शिकवताना एकच प्रश्न मुलांच्या जिभेवर बसवा : ‘कशाचे टक्के?’ दुकानावर ‘२० टक्के सूट, वर आणखी २० टक्के’ असं लिहिलेलं असतं. मूल म्हणतं ४० टक्के. हजाराचा कुर्ता आधी ८०० होतो, मग ८००चे २० टक्के म्हणजे १६० जातात, उरतात ६४०. सूट ३६ टक्के झाली. दुसऱ्या वेळी पाया बदलला, हे कळलं की शेकडेवारी कळली.

हाच प्रश्न कर्जाला लावा. समजा कुणी १२ हजारांचं कर्ज ‘सरळ १२ टक्के व्याजानं’ दिलं, बारा महिन्यांत फेडायचं. व्याज १,४४०, हप्ता १,१२०. ऐकायला बरं वाटतं. पण पूर्ण १२ हजार तुमच्याकडे फक्त पहिला महिनाभर असतात. दर महिन्याला मुद्दलातले हजार परत जातात. दुसऱ्या महिन्यात ११ हजार, तिसऱ्यात १० हजार, शेवटच्या महिन्यात एक हजार. सरासरी काढा, साडेसहा हजार निघते. म्हणजे वर्षभर तुम्ही सरासरी साडेसहा हजार वापरले आणि १,४४० व्याज भरलं. हा दर जवळपास २२ टक्के झाला. सातवीच्या सरासरीनं आणि शेकडेवारीनं हे उघड होतं. व्याज घ्यावं-द्यावं की नाही हा प्रत्येकाच्या श्रद्धेचा भाग आहे. पण आपल्या मोहल्ल्यात शिलाई मशीनसाठी, रिक्षासाठी, मुलाच्या फीसाठी बायका-पुरुष कर्जाच्या कागदावर सही करतात, हे वास्तव आहे. सही करणाऱ्याच्या घरातल्या सातवीच्या मुलीनं तो कागद आधी वाचावा. भिशीचा हिशोबही तिनंच ठेवावा. जकात अडीच टक्के म्हणजे चाळिसावा हिस्सा, तोही अब्बांसाठी तिनंच काढावा.

बीजगणित : मसावात म्हणजे समता

बीजगणिताची भीती ‘एक्स’ या अक्षरानं सुरू होते. म्हणून अक्षराआधी गोष्ट द्या. खालानं हप्त्यावर मशीन घेतलं. महिन्याचा हप्ता ९००. एका ब्लाउजमागे ६० रुपये सुटतात. किती ब्लाउज शिवले की हप्ता निघेल? १५. महिना ३ हजार घरात यायला हवेत तर किती? मुलं आधी अंदाज करतील, चाळीस, पन्नास, साठ असं करून बघतील. करू द्या. मग म्हणा, दर वेळी करून बघण्यापेक्षा ब्लाउजच्या संख्येला एक नाव देऊ, ‘ब’. ६०ब वजा ९०० बरोबर ३,०००. दोन्ही बाजूंना ९०० मिळवले तर ६०ब बरोबर ३,९००. म्हणून ब बरोबर ६५. ज्याचा आकडा माहीत नाही त्याला नाव देऊन त्याच्यावर काम करता येतं, हीच बीजगणिताची सगळी करामत.

उर्दू शाळेत समीकरणाला मसावात म्हणतात. मसावात म्हणजे समता. किती सुंदर शब्द आहे बघा. तराजूच्या एका पारड्यात जे कराल तेच दुसऱ्यात केलं पाहिजे, नाहीतर समता मोडते. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हा मंत्र शिकवू नका. तराजू शिकवा.

यात भाषेचा एक मोठा प्रश्न आहे, त्याकडे आपलं दुर्लक्ष होतं. मूल आठवी-दहावीपर्यंत उर्दूतून शिकतं : कसर, मसावात, मुसल्लस, फीसद. शिष्यवृत्तीचं मार्गदर्शन कुठेतरी मराठीत मिळतं : अपूर्णांक, समीकरण, त्रिकोण, शेकडेवारी. अकरावीला एकदम फ्रॅक्शन, इक्वेशन, ट्रँगल, परसेंट. मुलाला गणित येत असतं, शब्द अनोळखी असतो, आणि तो ठरवून टाकतो की आपल्याला गणितच येत नाही. याला खर्च न येणारा उपाय आहे. सहावीपासून एक वही, तीन रकाने, दर आठवड्याला दहा शब्द. आठवीपर्यंत ती तीन भाषांची वही भरली की पुढचा धक्का बसणार नाही.

आकडा कुणाच्या बाजूनं बोलतो?

आता चौथी गोष्ट, आकडेवारी. २००४च्या सप्टेंबरमध्ये २००१च्या जनगणनेची धर्मनिहाय माहिती प्रसिद्ध झाली. त्यात मुस्लिम लोकसंख्येची दहा वर्षांतली वाढ ३६ टक्के दिसत होती. लगेच मथळे, भाषणं, भीती. आता आपण सातवीचं गणित लावू. २००१मध्ये मुस्लिम १३.८२ कोटी, १९९१मध्ये १०.१६ कोटी. फरक ३.६६ कोटी. भागाकार केला की ३६ टक्के येतात. म्हणजे भागाकारात चूक नव्हती. चूक तुलनेत होती. १९९१ साली अशांततेमुळे जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना झालीच नव्हती. २००१मध्ये ती झाली आणि तिथले सुमारे ६८ लाख मुस्लिम मोजले गेले. एका बाजूला काश्मीर नाही, दुसऱ्या बाजूला आहे! ते ०.६८ कोटी वजा करा. १३.१४ कोटी उरतात, फरक २.९८ कोटी, आणि वाढ २९.३ टक्के. त्याआधीच्या दशकात ती जवळपास ३३ टक्के होती. म्हणजे ज्या वेळी वेग वाढल्याचा गाजावाजा झाला, त्या वेळी तो प्रत्यक्षात कमी होत होता. जनगणना कार्यालयाला खुलासा करावा लागला. पण मथळा जितका फिरतो तितका खुलासा फिरत नाही, हे तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपमुळे चांगलं माहीत आहे.

पुढच्या दशकात, २००१ ते २०११मध्ये, मुस्लिमांची वाढ २४.६ टक्क्यांवर आली आणि हिंदूंची १६.८ टक्क्यांवर. दोन्ही उतरल्या. हे आकडे मुलांना आलेखावर मांडायला लावा. पण ध्यानात ठेवा, हे कौशल्य आपल्यावरच्या आरोपांना उत्तर देण्यापुरतं वापरायचं नाही. आपल्या बाजूचा आकडा आला तरी तेच प्रश्न विचारायचे : कशाचे टक्के, कोणाला मोजलं, कोण मोजायचं राहिलं, पाया तोच आहे का? आपल्याला आवडणारा आकडाही तपासतो, त्यालाच आकडेवारी येते.

आकडेवारीला जोडून शक्यता. मटक्याच्या एका आकड्यावर दहा रुपये लावले आणि लागला तर समजा नव्वद मिळाले. आकडे दहा आहेत. दहाही आकड्यांवर दहा-दहा लावले तर शंभर जातील आणि नव्वद येतील. म्हणजे खेळणारा रुपयामागे सरासरी दहा पैसे हरतो, आणि हे ‘नशीब’ नाही, ही खेळाची रचना आहे. मोबाइलवरच्या जुगाराची रचनाही अशीच असते. ‘जुगार हराम आहे’ हे मुलांनी ऐकलेलं असतं. तो हिशोबानंही तोट्याचा आहे, हे त्यांनी एकदा स्वतः कागदावर काढलं की ते विसरत नाहीत.

‘का?’ विचारण्याची सवय

पाचवी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश, हे पुस्तकात असतं. मुलांना वेगवेगळे त्रिकोण कापायला द्या, तिन्ही कोपरे फाडून शेजारी शेजारी लावायला सांगा. सरळ रेषा होते. मग विचारा, आपण दहा त्रिकोण पाहिले, पण प्रत्येक त्रिकोणात असंच होईल हे कशावरून? इथून सिद्धतेची सुरुवात होते. दहा उदाहरणं म्हणजे पुरावा नव्हे, हे बाराव्या-तेराव्या वर्षी कळलेलं मूल पुढे एका माणसाच्या वागण्यावरून अख्ख्या जमातीबद्दल मत बनवताना नक्की थांबेल.

गणिताच्या वर्गात आणखी एक गोष्ट घडते. सातवीतली मुलगी शिक्षकांना म्हणू शकते, ‘सर, इथे चुकलं.’ तिची रीत बरोबर असेल तर सरांना मान्य करावं लागतं. वय, हुद्दा, घराणं, कशाचाच उपयोग नाही. आपल्या मुलांना, विशेषतः मुलींना, अशी जागा दुसरीकडे कुठे मिळते? म्हणून वर्गात ‘मी सांगतो ते लिहून घ्या’ म्हणू नका.

मुलींबद्दल आणखी एक. मरियम मिर्झाखानी ही तेहरानमध्ये वाढलेली गणिती. २०१४ साली फील्ड्स पदक मिळवणारी जगातली पहिली स्त्री. माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी तिचं गणित चांगलं नव्हतं, तिच्या शिक्षिकेला तिच्यात विशेष काही दिसलं नव्हतं. पुढच्या वर्षी धीर देणारे शिक्षक मिळाले आणि चित्र बदललं. तुमच्या वर्गात मागे गप्प बसलेल्या मुलीबद्दल इतक्यात निकाल देऊ नका.

मग रविवारी काय करायचं?

अबॅकसचे, झटपट गणिताचे क्लास गल्लोगल्ली आहेत. पालक पैसे भरतात, कारण मूल भराभर उत्तर देतं. वेग वाईट नाही, पण तो मोबाइलकडे आपल्याहून जास्त आहे. आपण समज शिकवू.

पहिल्या महिन्यात पुस्तक उघडू नका. प्रत्येकाला भागाकार आणि साधे अपूर्णांक येतात का ते बघा, आणि येत नसतील तर न लाजवता तिथूनच सुरू करा. नंतर दर रविवारी एक खरा कागद आणायला सांगा : विजेचं बिल, किराण्याची यादी, कर्जाची पावती, वर्तमानपत्रातला आलेख. त्यातून गणित काढा. प्रत्येक वेळी एका मुलानं किंवा मुलीनं फळ्यापाशी येऊन आपली रीत समजावून सांगितली पाहिजे, चुकली तरी हरकत नाही. आणि आठवीतल्या मुलांना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८ हजार. ‘आता हिला शिकवायला परवडत नाही’ असं म्हणणाऱ्या घरात हा आकडा खूप काही बदलू शकतो.

तुमच्यातले अनेक जण म्हणतील, आमचंच गणित कच्चं आहे. मग मुलांबरोबर शिका. सहावीचं पुस्तक विसाव्या वर्षी पुन्हा वाचलं तर ते बरंच सोपं निघतं. बालभारतीची पुस्तकं मराठीत आहेत, उर्दूतही आहेत. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, तीन रकान्यांची वही तुमचीच आधी तयार होईल.

येत्या रविवारी वारशाचं ते ७२ लाखांचं उदाहरण फळ्यावर मांडा आणि एखाद्या मुलीला ते सोडवायला बोलवा. तिनं काढलेलं उत्तर तिला घरी जाऊन अम्मीला समजावून सांगायला सांगा.